हिरवी बस, आजीबाई आणि पिशवी

सोलमध्ये बसचा रंग बघून चढायचं, असं लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं. निळी शहराच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारी, हिरवी गल्लीबोळातून मेट्रो स्टेशनाशी नेऊन सोडणारी, तांबडी शहराबाहेरची. 2004 साली सगळे मार्ग नव्याने आखले, तेव्हापासूनची ही रंगपंचमी. तेवढ्यावर भागत नाही. निळ्या-हिरव्या बसवरचा पहिला आकडा ती कुठल्या भागातून निघाली तो, दुसरा कुठे पोचणार तो. मी पत्रिका पाहावी तसा बसच्या कपाळाकडे पाहत राहिलो आणि दोन बस गेल्या.

तिसरी हिरवी; तीत सौभाग्यवतीसह चढलो. टी-मनी कार्ड चढताना टेकवायचं, उतरतानाही टेकवायचं. टेकवून उतरलात आणि अर्ध्या तासात मेट्रो किंवा दुसरी बस धरलीत, तर भाडं मागच्या पानावरून पुढे चालू. विसरलात तर नव्याने पैसे. बसचे 1,500 वॉन म्हणजे किती, याचा हिशेब सौभाग्यवती रुपयांत करत नाही. "चार-पाच वडापाव," ती म्हणाली. पहिल्या दिवशी बस बदलल्यावर मशीन "ह्वानसुंगिम्निदा" असं ठसक्यात बोललं, तेव्हा मी त्याला सॉरी म्हणालो होतो. ते फक्त 'गाडी बदलली' एवढंच सांगत होतं.

या हिरव्या बसच्या चालकाला बहुधा विमान चालवायचं होतं. मी एका हाताने कडी धरून लोंबकळत होतो, दुसऱ्या हातात तुळशीबागेतली कापडी पिशवी, तीत डिंकाचे लाडू. समोरच्या सीटवर कुरळ्या केसांच्या एक आजीबाई. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरळ पिशवीला हात घातला.

मी ओढली. त्यांनीही ओढली. बसभर चिडीचूप, सगळ्या माना मोबाईलमध्ये. बंद तुटतात की काय या भीतीने मी हात सैल सोडला. आजीबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. चोराचा इतका निवांत चेहरा मी पाहिला नव्हता.

लेकीला फोन लावला, तोंडाशी हात धरून, कारण इथे बसमध्ये मोठ्याने बोलणारा मीच एकटा असतो. ती हसली. "बाबा, बसलेल्याने उभ्याचं ओझं मांडीवर घ्यायचं, ही जुनी पद्धत आहे इथली. तरुण मुलं आता नाही करत." हात्तिच्या! डोंबिवली लोकलमध्ये अनोळखी माणसांच्या हातून माझी बॅग पंचवीस वर्षं रॅकवर जात होती, आणि तेव्हा कधी पोलीस आठवले नव्हते.

स्टॉप आला. मी घंटी दाबली, पिशवी परत घेतली आणि डब्यातून एक लाडू काढून पुढे केला. आजीबाईंनी तो हुंगला, रुमालात बांधला आणि पर्समधून एक चकचकीत कागदातली गोळी काढून माझ्या तळहातावर दाबली. मी वाकलो, त्या वाकल्या, मी पुन्हा वाकलो. चालक मागे वळून बघायला लागला, तशी मी दाराबाहेर उडीच मारली.

बस वळणावर दिसेनाशी झाली.

"टेकवलंत?" सौभाग्यवतीने विचारलं.

मी गोळीचा कागद सोडायला घेतला.

"चार-पाच वडापाव," ती म्हणाली.