कॉलेज पंधरा दिवसांत जागतिक करा: नवख्या समन्वयकांसाठी

अभिनंदन! प्राचार्यांनी 'जागतिक शिक्षण समिती' तुमच्या गळ्यात घातली आहे. बाकीचे सगळे त्या मीटिंगला हजर होते, तुम्ही रजेवर होतात. असो. कॉलेज हातखंब्याच्या तिठ्यावर असलं तरी घाबरू नका.

१. अभ्यासक्रमाला हात लावू नका. तो मुंबई विद्यापीठात ठरतो. तुम्ही फक्त व्याख्यानांच्या शीर्षकाला 'जागतिक परिप्रेक्ष्यात' जोडा. नोट्स जुन्याच चालतात.

२. करार करा. संयुक्त पदवीच्या फंदात पडू नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा तशाच जड अटी आहेत, शिवाय परदेशी विद्यापीठ जगातल्या पहिल्या हजारात हवं. साध्या सामंजस्य कराराला दोन सह्या आणि एक शाल पुरते.

३. आंतरराष्ट्रीय परिषद भरवा. परदेशी वक्ता म्हणून संस्थेच्या चिटणीसांचे न्यू जर्सीचे जावई ऑनलाइन येतील. लाईट गेली तर 'नेटवर्कअभावी चर्चा संपन्न' असं लिहा.

४. आसपासचं जग वर्गात येऊ देऊ नका. नवख्यांची नेमकी इथेच चूक होते. ब्रह्मदेशचा थिबा राजा १९१६मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत कैदेत होता. पण त्याच्या राजवाड्यापर्यंत एसटी जाते, म्हणजे तो विषय स्थानिक. २०१४मध्ये युरोपीय संघाने फळमाशीपायी आपला आंबा अडवला. त्यात जागतिक व्यापार, कीटकशास्त्र आणि कायदा असे तिन्ही विषय निघतात, पण पोरांना ते घरीच कळलेलं असतं. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार स्थलांतरावर तासभर बोलू शकेल, मात्र त्याच्याकडे पीपीटी नाही.

५. पुरावे जपा. नॅकला जिओटॅग असलेले फोटो लागतात. मागे परदेशी झेंडे लावा. अक्षांश-रेखांश हातखंब्याचेच येणार, त्याला इलाज नाही.

६. एखादी विद्यार्थिनी हट्टाने थिबावर किंवा गल्फला गेलेल्या गावकऱ्यांवर प्रकल्प करू म्हणालीच, तर करू द्या. तुमच्या अख्ख्या फाइलमध्ये जागतिक शिक्षण तेवढंच असेल. अहवालात ते 'स्थानिक उपक्रम' या रकान्यात टाका. जागतिकचा रकाना जावयांनी भरलेला आहे.