उभ्याउभ्या

"मी काही टीव्ही पाहत नाही," असं आप्पा आमच्या दारात उभं राहून सांगतात, तेव्हा त्यांचा डावा हात चौकटीवर असतो, उजव्या हातात भाजीची पिशवी असते आणि डोळे पडद्यावर. बसा म्हटलं तर बसत नाहीत. बसलं की 'पाहिलं' असं होतं. उभ्याउभ्या जे दिसतं ते नुसतं नजरेला पडतं. असं त्यांच्या नजरेला आठवडाभरात तीन-चार मालिका, गाण्याची एखादी स्पर्धा आणि सबंध 'हास्यजत्रा' पडते.

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. ताप्ती लाइनने सुरतेकडे येणारा खानदेशी माणूस सहसा उधन्याला उतरतो आणि लिंबायत-डिंडोलीत खोली शोधतो. आप्पा दोन स्टेशनं अलीकडेच, चलथाणला उतरले आणि इथल्या सहकारी साखर कारखान्यात चिकटले. निवृत्त झाले तरी कारखाना काही तोंडातून गेला नाही. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो उतारा, आणि आप्पा सिनेमाचाही उताराच काढतात. "तीन तास गाळप, उतारा सात. बाकी सगळी मळी!" नागराज मंजुळेंच्या 'सैराट'ला २०१६ साली त्यांनी साडेअकरा दिले होते, पण लगेच पुस्ती जोडली, "अजय-अतुल नसते तर साडेनऊच."

एकदा दिलेला निकाल ते बदलत नाहीत. मराठी 'लिटल चॅम्प्स' २००९ साली कार्तिकी गायकवाड जिंकली. पोरं मोठी झाली, काहींची लग्नं झाली, पण आप्पांचं मत अजून आर्या आंबेकरलाच आहे. कार्तिकीचं गाणं लागलं की मात्र आवाज वाढवायला सांगतात. विसंगती दाखवून दिली तर म्हणतात, "निकाल वेगळा, गाणं वेगळं."

खरी जुंपायची ती काकूंशी. काकू 'आई कुठे काय करते!'च्या भक्त होत्या, तर शेजारच्या गुजराती मासी 'अनुपमा'च्या. दोन्हीकडे तीच सोशीक आई, तोच दुसरीत गुंतलेला नवरा. दुपारी वाळवण घालताना दोघी ताळा करायच्या : तुमची कुठवर आली, आमची तर घटस्फोटाला पोचली. आप्पा मधे पडायचे. आपली मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली, त्यांची २०२० च्या जुलैत. म्हणजे नक्कल कोणी केली? मी एकदा सांगून पाहिलं की दोन्हींचं मूळ बंगाली, 'श्रीमोयी'. आप्पा क्षणभर थबकले. मग म्हणाले, "बंगाल्यांचं चालतं. ते वाचतात तरी." मासी हसून म्हणाल्या, "जवा दो ने, आप्पा!" आणि पापड उलटवू लागल्या. मुद्दा हा की 'बायकांचं रडगाणं' म्हणून नाक मुरडणाऱ्या या गृहस्थांना दोन्ही मालिकांतल्या सुनांची नावं पाठ होती.

२०२५ च्या २६ जानेवारीला कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवत होते. माझी मुलगी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेली. आप्पा पिशवी घेऊन हजर. स्टेडियमभर लोकांच्या मनगटावरचे पट्टे लाल-निळे चमकत होते. आप्पांनी बराच वेळ निरखलं. "तिकीट यांनी काढायचं, आणि रोषणाईपण यांच्याच हाताने?" गायक रंगमंचभर उड्या मारत होता. "श्वास पुरतो का त्याला?" मग ख्रिस मार्टिनने 'वंदे मातरम्'चे सूर लावले, तेव्हा आप्पांनी पिशवी खाली ठेवली. ती खाली ठेवलेली मी तेव्हाच पाहिली. "उच्चार जाऊ दे," ते म्हणाले, "उतारा नऊ."

परक्याला नऊ देणारा हा माणूस घरच्यावर भारी कडक. अहिराणी गाणी मोबाइलवर धुमाकूळ घालायला लागली, तसा आप्पांचा पारा चढला. 'हाई झुमका वाली पोर' लग्नाच्या वरातीत वाजलं की म्हणणार, "हाई काय गानं शे का, भो?" आपल्या बोलीचा असा धांगडधिंगा त्यांना सोसत नाही. पण गेल्या लग्नसराईत डीजेवाल्याने ते मधेच तोडून गरबा लावला, तेव्हा त्याला जाऊन झापणारे आप्पाच होते. निम्मं गाणं तोडतात का कधी? पूर्ण वाजव, मग काय ते शिव्या घालू.

त्यांचा एक दोष मात्र माफ करण्यासारखा नाही. शेवट सांगतात. 'छावा' पाहून आले आणि जिन्यातच आम्हाला म्हणाले, "शेवट मी सांगणार नाही." संभाजीमहाराजांचा शेवट! केवढा संयम!

तेव्हा चलथाणला यायचं असेल, तर नवा सिनेमा आधीच पाहून या. आप्पा संध्याकाळी स्टेशनाकडे फिरायला असतात आणि नवख्या माणसालाही थांबवतात.