माहेरच्या वाटेवरचा पेट्रोलपंप

मोटारीतून लांबचा पल्ला गाठण्याचा जगातला पहिला पराक्रम शर्यतीच्या कुठल्याच शौकिनाने केलेला नाही. ती एका बाईची माहेरवारी होती, आणि तीही नवऱ्याला न सांगता केलेली. शर्यतीत उतरलेली गाडी एकच, त्यामुळे पहिला नंबर ठरलेलाच होता. प्रश्न एवढाच होता, की ती पोचणार का.

बाईंचं नाव बर्था बेंझ. नवरा कार्ल बेंझ, ज्याने १८८६ साली तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पेटंट झालं, गाडी झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्थाबाईंनी भल्या पहाटे युजेन आणि रिशार्ड या पंधरा आणि तेरा वर्षांच्या पोरांना उठवलं आणि मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे आईकडे, निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत वीसलोख नावाचं गाव लागतं. तिथे इंधन संपत आलं, म्हणून बाईंनी औषधाच्या दुकानातून लिग्रोईन विकत घेतलं. हे कपड्यांवरचे डाग काढायचं द्रावण. त्या एका विक्रीवर वीसलोखने आजतागायत ‘जगातला पहिला पेट्रोलपंप’ ही पदवी मिरवली आहे.

वीसलोख हायडेलबर्गच्या दक्षिणेला, आणि त्याला खेटून वालडोर्फ. वालडोर्फला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय आहे, त्यामुळे तिथल्या बसथांब्यावर कोणी “अगं, डब्यात काय नेलंस?” म्हणालं तर दचकायचं कारण नाही. माझा भाचा तिथलाच. त्याला सुट्टी रविवारी आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद. तेव्हा आम्ही ऐतिहासिक दुकान बाहेरूनच बघायचं ठरवलं. आमच्या हिला त्यात काही कमी वाटलं नाही. “पेट्रोलपंप आतून कोण बघतं?” ती म्हणाली.

गावात आइसक्रीमवाला सोडला तर शुकशुकाट. मुख्य रस्त्यावर ते औषधांचं दुकान, त्याच्यावर पाटी आणि समोर बर्थाबाईंचं स्मारक. भाचा पाटीवरचं जर्मन मराठीत सांगू लागला आणि हिने चौकशी सुरू केली.

“लायसन होतं का बाईंकडे?”

“मामी, गाडी चालवायचा सरकारी परवाना त्याच उन्हाळ्यात मिळाला होता, पण तो कार्लच्या नावावर.”

“म्हणजे कागद नवऱ्याकडे आणि काम बायकोकडे. बरं, पुढे?”

पुढची हकिगत मला तोंडपाठ होती. चाकणला जिथे आज बेंझच्या नावाच्या गाड्या जुळतात, त्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात माझी हयात गेली. मी अभिमानाने सांगू लागलो. इंधनाची नळी तुंबली, बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचं आवरण झिजलं, तर मोज्याचा गार्टर काढून तारेला गुंडाळला. साखळी बिघडली, ती लोहाराकडून ठीक करून घेतली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउश्लोट गावी जोडे शिवणाऱ्याकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची पद्धत म्हणतात ती इथून. पाणी तर दर थोड्या वेळाने घालावं लागे. विहीर, ओढा, खानावळ, जे दिसेल तिथलं. आणि गिअर दोनच, त्यामुळे चढ आला की पोरं खाली उतरून ढकलायची.

ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “थोडक्यात, इंजिनियरने गाडी केली, आणि ती चालायला पिन, गार्टर, लोहार, मोची, औषधवाला आणि दोन पोरं लागली.”

“पण शोध कार्लचाच ना?” मी म्हणालो.

“आणि पैसे?”

इथे भाच्याने घात केला. कार्लच्या कारखान्यातला भागीदार डोईजड झाला, तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपला हुंडा मागून घेतला आणि त्यातून भागीदाराला बाहेर काढलं, हे त्याने त्याच क्षणी सांगून टाकलं. लग्न १८७२ चं, पैसे आधीचे. वर तेव्हाच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर पेटंट घेता येत नव्हतं, हेही जोडलं. मी आइसक्रीमवाल्याकडे बघू लागलो.

खरी सहानुभूती मला त्या विली ओकर नावाच्या औषधवाल्याबद्दल वाटली. कल्पना करा. दारात घोड्याशिवायची धूर सोडणारी गाडी, त्यातून धुळीने माखलेली बाई उतरते आणि डाग काढायचं द्रावण लिटरांनी मागते. दुसरा कोणी असता तर आधी विचारलं असतं, “एवढे डाग पडले कुठे?” ओकरसाहेबांनी माल दिला आणि इतिहासात शिरले. गिऱ्हाइकाला फाजील प्रश्न न विचारल्याबद्दल दुकानदाराचं नाव अजरामर झाल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पेठेत तरी सापडणार नाही.

संध्याकाळी बाई माहेरी पोचल्या आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी वेगळ्या वाटेने परतल्या, तेही गाडीनेच. त्या जाण्यायेण्याच्या वाटांवर आता ‘बर्था बेंझ स्मृतिमार्ग’ आहे, १९४ किलोमीटरचा, पाट्यांसकट. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट पाटीवर मावत नाही. परतल्यावर बाईंनी गाडीतल्या उणिवा नवऱ्याला सांगितल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा, म्हणाल्या. आणि कार्लने तो बसवला. बायकोने चूक काढली आणि नवऱ्याने वाद न घालता पाना उचलला, यासाठी खरं तर वेगळं स्मारक हवं.

ही लगेच फोर्त्सहाइमला निघाली होती. पण भाच्याची गाडी विजेवरची, आणि चार्जिंग उतरलं होतं. एका बंद सुपरमार्केटच्या आवारात तारेला जोडून आम्ही बसून राहिलो. तेवढ्यात हिने भाच्याच्या गाडीची तपासणी उरकली: मागची सीट ताठ आहे, पर्स ठेवायला जागा नाही, पट्टा गळ्याला काचतो, आणि गाडी आवाज करत नाही म्हणून रस्त्यावरची माणसं बाजूला होत नाहीत. भाचा मोबाइलवर टिपून घेत होता.

“मामी, आमच्या ऑफिसात अशा चुका शोधून काढणाऱ्यांना पगार देतात,” तो म्हणाला.

“ऐकलंत?” ही माझ्याकडे वळली.

लग्न झाल्यापासूनची थकबाकी निघाली तर पेन्शन पुरणार नाही, हे लक्षात येऊन मी चार्जिंग किती झालं ते बघायला उठलो.