मर्सिडीज दिसल्या, आम्ही नाही दिसलो?

मा. विस्तारप्रमुख साहेब,
परदेशी नावाच्या महागड्या दुकानांची साखळी,
मुक्काम मुंबई.

सा. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही. खरं तर माझ्या अख्ख्या शहरालाच ओळखत नाही, म्हणून हे पत्र. मी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, एन-सातमध्ये राहतो. तुमच्या नकाशात शहराचं जुनं नाव असलं तरी हरकत नाही. त्या विषयावर बोलायला आमच्याकडे भरपूर माणसं आहेत. नकाशात ठिपका असला म्हणजे झालं. आज आमच्या गल्लीत पाण्याचा वार आहे, त्यामुळे घर सोडता येत नाही. नळ येईपर्यंत चार शब्द लिहून घेतो.

गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला तुम्ही आमच्याकडे येता. म्हणजे तुमची बातमी येते. जालना रोडवर एखाद्या इमारतीला हिरवी जाळी लागली की कॅनॉटच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी आवाज खाली करून सांगतो, "नक्की झालंय. माझ्या साडूने कागद बघितलेत." मग आठवडाभर गावात दुसरा विषय नाही. किती मजले, सरकते जिने किती, कॉफी आत मिळणार की बाहेर, सगळं ठरतं. काही महिन्यांनी जाळी उतरते आणि आतून निघतात 'नीट'चे क्लास. पुढच्या वर्षी दुसरी इमारत, दुसरी जाळी आणि साडू मात्र तोच.

कुणीतरी म्हणालं की तुमच्या कार्यालयात आम्ही 'टियर टू' या रकान्यात आहोत. रेल्वेच्या डब्यात टू टियर म्हणजे थाट असतो, म्हणून आधी आम्ही खूश झालो. मग अर्थ कळला. सरकारचंही तसं काही वेगळं नाही म्हणा. केंद्राच्या घरभाडे भत्त्यासाठी ५० लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं 'एक्स' आणि ५ ते ५० लाखांची 'वाय'. महाराष्ट्रातून 'एक्स'मध्ये मुंबई आणि पुणे ही दोनच. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, मालेगाव आणि आम्ही एका बाकावर. पण सरकार निदान डोकी मोजून बाक देतं. तुम्ही काय मोजता, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

पैसा मोजत असाल तर तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये, गावाचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. किराणा घाऊक घेतला की स्वस्त पडतो, हे आमच्या बायकांना माहीत होतं. मर्सिडीजही घाऊक घेता येते, हे आम्ही जगाला दाखवलं. ही काही नुसती गाड्यांची खरेदी नव्हती, साहेब. तुम्हाला, तुमच्या भाऊबंदांना, सगळ्या चकचकीत काचांच्या मालकांना धाडलेलं ते १५० चाव्यांचं निमंत्रण होतं. मर्सिडीज दिसल्या, आम्ही नाही दिसलो?

त्या वेळी पत्रकार पी. साईनाथ यांनी या सोहळ्याला गालबोट लावलं. या गाड्यांच्या खरेदीतला मोठा वाटा बँकेच्या कर्जाचा होता आणि त्याचा दर होता ७ टक्के. याच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याच्या दुपटीहून जास्त व्याज भरावं लागत होतं, असं त्यांनी लिहिलं. आम्हाला वाईट वाटलं. पण तुम्हाला सांगतो ते एवढ्यासाठी की, आमची पत कळावी. ट्रॅक्टरपेक्षा मर्सिडीजला स्वस्त कर्ज मिळवणारं गाव तुमच्या नजरेत भरू नये, हे आश्चर्यच.

बरं, आम्ही तुमचे ग्राहक नाही असंही नाही. ४३१००१ आणि ४३१००५ या पिनकोडांवर तुमची किती पाकिटं येतात, ते तुमच्या संगणकाला विचारा. नसेल विचारायचं तर एखाद्या रविवारी पुण्यात नगर रोडवरच्या मोठ्या मॉलच्या तळघरात उतरा आणि एमएच-२० पाटीच्या गाड्या मोजा. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आलेली माणसं ती. पहाटे निघायचं, नगरजवळ मिसळ खायची, रांजणगावच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडायचे आणि वाघोलीच्या कोंडीत तासभर आत्मचिंतन करायचं. मग तुमच्या दारात पोचल्यावर एक शर्ट घ्यायचा. त्या शर्टाच्या किमतीत डिझेल, टोल, पार्किंग आणि परतीच्या वाटेवरचं जेवण धरलं, तर तेवढ्यात येवल्यात बऱ्यापैकी पैठणी बघता आली असती. आता समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झालाय, २०२५ च्या जूनपासून. ७०१ किलोमीटरचा रस्ता सरकारने केला, आणि आम्ही त्याचा उपयोग तुमच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी करतो. याहून मोठं प्रेमपत्र कोणतं?

तुमचंही गणित असेल, मान्य. प्रत्येक चौरस फुटाला किती विक्री, भाडं विक्रीच्या किती टक्के, आत शिरणाऱ्या शंभरातले पिशवी घेऊन बाहेर पडणारे किती. या शेवटच्या आकड्यावर आमची बाजू लंगडी आहे. २०१० मध्येच चिकलठाण्याला प्रोझोन मॉल सुरू झाला, तेव्हापासून मे महिन्यात आमचं निम्मं गाव थंड हवा खायला तिकडे जातं. थंड हवेला बिल लागत नाही. माझे गंगापूरचे काका एकदा पुण्यात तुमच्याच दुकानात आले होते. कोटाचं लेबल बघून त्यांनी विक्रेत्या मुलीला विचारलं, "ताई, शेवटचा भाव सांगा." ती म्हणाली, "सर, हाच भाव आहे." काका बराच वेळ उभे राहिले. गुलमंडीवर 'एकच भाव' अशी पाटी असलेल्या दुकानातसुद्धा निदान "बसा, चहा घ्या" म्हणतात, एवढं बोलून ते बाहेर पडले. आता काकांना तुमच्या कोणत्या रकान्यात घालायचं, ते तुम्ही बघा.

तरी एक सांगतो. उंची मालाची आम्हाला सवय नाही, असं कृपया समजू नका. उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरमध्ये पाच हजार रुपयांचं पान मिळतं. एक पान. चघळून संपतं. त्याला ना लेबल, ना परत करण्याची सोय. ज्या शहरात पाच हजारांचं पान खपतं, तिथे पाच हजारांचा शर्ट खपेल की नाही, याचा अभ्यास करायला तुम्हाला सल्लागार का लागावा?

आणि इतिहासात शिरलात तर हिशेब आणखीच उलटा होतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आमचं पैठण आहे. भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांची वाट, आणि तिथून गाड्या भरभरून गोमेद येतो, असं त्याने नोंदवलंय. तेर गावाहून कापड यायचं. हा माल भडोचला जहाजात चढायचा आणि पश्चिमेच्या बाजारांत पोचायचा. म्हणजे तुमच्या पूर्वजांच्या श्रीमंत बायका 'आमचा माल कधी येणार' म्हणून वाट बघत होत्या. त्या ग्रीकाने असंही लिहून ठेवलंय की या गाड्या रस्ता नसलेल्या मुलखातून येतात. ते वाचून मला पुण्याच्या प्रवासाची आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

२०१२ मध्ये सरकारने एकाच ब्रँडच्या दुकानांत शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला दार उघडलं, तेव्हा अट घातली होती की तीस टक्के खरेदी देशातून करायची. पुढे ती अट सैल होत गेली. मला तेव्हा भाबडी आशा होती. वाटलं, साहेब तीस टक्क्यांच्या शोधात फिरत फिरत आमच्याकडे येतील, हिमरूची शाल हातात धरतील, सुताच्या अंगावर रेशमाची वेलबुट्टी बघतील आणि म्हणतील, हे न्यूयॉर्कच्या काचेत शोभेल. तुम्ही आला नाहीत. दोष एकट्या तुमचा नाही. हिमरू विणणारे हात मोजके उरलेत, आणि आमच्यातल्या कितीजणांच्या कपाटात हिमरू आहे, हे विचारलंत तर मी विषय बदलीन.

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही एवढे कशाला हवेत तुम्हाला? खरं कारण सांगतो. माझा मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. इथे शेंद्रा-बिडकीनला दहा हजार एकरांवर 'ऑरिक' हे औद्योगिक शहर उभं राहतंय, टोयोटाने २०२४ मध्ये वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केलाय, हे त्याला पाठ आहे. मी म्हणतो, ये परत. तो म्हणतो, "बाबा, तिथे आहे काय?" मी वेरूळ म्हणतो, बीबी का मकबरा म्हणतो. तो तुमचं नाव घेतो. म्हणून साहेब, आम्हाला तुमचा शर्ट नकोय. आम्हाला मुलगा परत हवाय, आणि त्याच्या परतीच्या तिकिटावर तुमच्या दुकानाचा शिक्का लागतो, अशी आमची समजूत झालीय. अॅपलने २०२३ मध्ये मुंबईत पहिलं दुकान उघडलं आणि २०२५ मध्ये पुण्यात, तेव्हा गावातल्या आयांनी ती बातमी एकमेकींना फॉरवर्ड केली. फोन घ्यायचा म्हणून नव्हे. 'आता आपली पाळी' म्हणून.

पाळीवरून आठवलं. तुम्ही आलातच, तर एक गोष्ट आधी सांगणं माझं कर्तव्य आहे. बऱ्याच भागांत आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आमच्या गल्लीचा वार ठरलेला आहे, तोही नेहमी पाळला जातो असं नाही. नाथसागर जलाशय पन्नास-साठ किलोमीटरवर भरलेला असतो. नव्या पाणी योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला, तिच्या कामावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष ठेवावं लागतं. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने जमिनीखालून नहरी काढून याच गावात पाणी फिरवलं होतं. त्याच्याकडे सल्लागार नव्हते. तेव्हा तुमच्या संगमरवरी स्वच्छतागृहासाठी टँकरचा नंबर लावून ठेवा. दुकानाच्या उद्घाटनापेक्षा तो जास्त लवकर लागेल.

हे लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि पत्र तुमच्या नावाने सुरू केलंय म्हणून ती तुम्हालाच सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गावात १५० माणसं एकत्र आली होती. बैठका झाल्या, कंपनीशी घासाघीस झाली, बँकेशी बोलणी झाली, आणि एका दिवसात काम फत्ते. म्हणजे एकी करणं आम्हाला जमतं. ती कशासाठी करायची, एवढंच आमचं चुकलं. तशीच घाऊक १५० माणसं नळासाठी, पुण्याच्या रस्त्यासाठी किंवा हिमरूच्या मागासाठी एकत्र आली असती, तर आज मी तुम्हाला पत्र लिहीत बसलो नसतो. कदाचित तुम्हीच मला लिहिलं असतं. आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे आहातच, फक्त थोडं सरका. आम्हालाही उभं राहायचंय.

कळावे. लोभ असावा, असं पत्राच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत ते लिहायची गरज नाही. लोभ आमच्याकडे पुरेसा आहे.

पुढचं लिहिता येणार नाही. नळाला पाणी आलंय आणि मोटर लावायची आहे.

आपला,
एक रहिवासी, सिडको एन-सात