बार मित्झवा निर्विघ्न पार पाडण्याची रीत

ज्यू धर्मशास्त्रानुसार मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली की धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर येते, आणि त्यासाठी समारंभाची, सभागृहाची वा केटररची काहीच गरज नसते. 'बार मित्झवा', म्हणजे आज्ञेचा पुत्र, ही पदवी मुलाला अंथरुणात पडल्यापडल्याही मिळते. परंतु इतके स्वस्तात सुटणे कोणत्याही घरच्या वडीलधाऱ्यांना मानवत नसल्याने पुढील पथ्ये सांगणे भाग आहे.

पहिले पथ्य मुलाच्या जन्मापूर्वीचे आहे. तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, 54 भागांत विभागून वर्षभरात वाचली जाते आणि जन्मतिथीच्या लगतच्या शनिवारी येणारा भाग बहुधा मुलाच्या वाट्याला येतो. योसेफाला भावांनी विकल्याची कथा किंवा दुभंगलेला समुद्र ज्याला मिळतो तो भाग्यवान; ऐन वसंतात जन्मलेल्याच्या पदरी मात्र 'तझरिया' आणि 'मेत्झोरा' पडण्याची धास्ती असते, व अधिक महिना नसलेल्या वर्षी हे दोन्ही भाग एकाच शनिवारी येतात. त्यांत अंगावरचे चट्टे, त्यांतील केसांचा बदललेला रंग आणि घराच्या भिंतीवरची बुरशी पुरोहिताने कशी तपासावी याचे सविस्तर विवेचन असून, नाकावर ताजी पुटकुळी घेऊन आलेल्या मुलाने त्यातून आत्या-मावश्यांसमोर उदात्त तात्पर्य काढून दाखवावयाचे असते. विवाहितांनी पंचांग वेळीच पाहावे.

दुसरे पथ्य वाचनाचे. तोरेच्या हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात आणि चालीच्या खुणाही नसतात, म्हणून हे सारे महिनोन्‌महिने घोकून तोंडपाठ करावे लागते. चर्मपत्राला बोट लावावयाचे नसल्याने ओळीवरून 'याद' फिरवतात. ही बहुधा चांदीची, टोकाला तर्जनी पुढे केलेला इवलासा पंजा असलेली कांडी असते, आणि मुलाचा हात थरथरू लागला की तो पंजा शब्दाऐवजी श्रोत्यांनाच दटावू लागतो. शेजारी उभा असलेला 'गब्बाई' हा वाचनाचा देखरेखकर्ता अर्थ बदलणारी चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून शब्द पुन्हा वाचावयास लावतो. आवाज फुटण्याचे वय आणि चालीवर वाचण्याची परीक्षा एकाच वर्षी ठेवण्यात शास्त्रकारांचा काय हेतू होता, हे मात्र उलगडत नाही.

वाचन संपताच अनेक ठिकाणी मुलावर गोळ्या-चॉकलेटांचा वर्षाव होतो. गोळ्या मऊच घ्याव्यात, कारण चुलतभावांचा नेम चांगला असतो. पित्याने या मुलाच्या अपराधांच्या शिक्षेतून आपली सुटका झाल्याबद्दल देवाचे आभार मानावेत आणि मगच केटररचे बिल पाहावे. आहेर 18 च्या पटीत द्यावा, कारण हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांनुसार 'जीवन' या अर्थाच्या शब्दाची बेरीज 18 होते; मात्र शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, पैशाला हात लावणे निषिद्ध असल्याने सनातनी घरांत पाकिटे रात्र पडल्यावरच पुढे करावीत.

मुलींच्या वाट्याला हा सोहळा उशिरा आला. न्यूयॉर्कमध्ये 18 मार्च 1922 रोजी रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांची कन्या ज्युडिथ हिने अमेरिकेतील पहिल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'बात मित्झवा'त वाचन केले, तेही गुंडाळीतून नव्हे, छापील पुस्तकातून.

शेवटचे पथ्य दूरध्वनीविषयी आहे. सामूहिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढांची 'मिनयान' ही गणसंख्या लागते आणि तेरा वर्षांचा झालेला मुलगा तीत धरला जातो. त्यामुळे सोमवारी पहाटे सिनेगॉगमध्ये नऊच जण जमले, तर घंटा कोणत्या घरी वाजणार हे शनिवारीच ठरलेले असते.