चार अंगठे आणि एक नंदी

२०२० चं शैक्षणिक धोरण दिल्लीहून पाझरत पाझरत औंढा नागनाथला पोचलं, तोवर त्याचं ‘ऑनलाइन ग्रुप प्रोजेक्ट’ झालं होतं. इंग्रजीचे दोन श्रेयांक, पाच जणांचा गट, विषय आपल्या गावाची पर्यटकांसाठी माहितीपुस्तिका. प्रत्येकाच्या सहभागाचा पुरावा म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडणं सक्तीचं.

पुरावे मी पाहिले. एक मुलगी लिहिते, बाकी चौघे अंगठा देतात. तिने आराखडा टाकला, चार अंगठे. ‘गाभारा तळघरात आहे, वाकून उतरावं लागतं, हे इंग्रजीत कसं लिहू?’ असं विचारलं. त्यालाही चार अंगठे. ‘नेट पॅक संपत आलाय, बाकीचं कुणीतरी लिहा’. पुन्हा चार, शिवाय एक जोडलेले हात. आमचे आजोबा सोसायटीच्या कर्जासाठी अंगठा उठवायचे, तेव्हा निदान शाई लागायची, ती पुसायला भिंत लागायची आणि पुढे कर्ज फेडावं लागायचं. ह्यांच्या अंगठ्याला काहीच लागत नाही. श्रेयांक तेवढे मिळतात. एकलव्याचा एकच अंगठा मागून गुरू बदनाम झाले. इथे पानोपानी मोजून घेतात आणि त्याला ‘पिअर फीडबॅक’ म्हणतात.

चौघांतल्या एकाने मात्र कष्ट घेतले. ‘जरा इंग्लिश सुधारतो’ म्हणत त्याने तिचा मजकूर एआयच्या तोंडी दिला. तिने लिहिलं होतं की नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, म्हणून औंढ्याचा नंदी देवळाच्या मागे आहे. यंत्राला ते काही पटलं नाही. त्याने नंदी उचलला आणि रीतीप्रमाणे गाभाऱ्यासमोर नेऊन बसवला. देऊळ फिरलं तेव्हाही जो जागचा हलला नाही, तो एका टिचकीत हलला! चार अंगठे. अरे, जनाची नाही तर मनाची? त्या देवळाभोवती खेळून मोठे झालात, उठून पाच मिनिटं चालला असतात तर दिसला असता की नंदी! पण चालण्याला गुण नाहीत. आणि तपासणाऱ्यालाही स्क्रीनशॉट मोजायचे होते, पुस्तिका कुठे वाचायची होती? इंग्रजी चकाचक म्हणून ‘ए प्लस’.

शेवटी गटप्रमुखाने सदस्यांना दहापैकी गुण द्यायचे असतात. पोरीने चौघांनाही दहा-दहा देऊन टाकले. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘काका, सकाळच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा हेच धरतात.’