बारीतला हाफटाइम

पंढरपुरात फुटबॉलचा क्लब नाही, म्हणून इथे फुटबॉलवर मत देणारे कमी आहेत असं कुणी समजू नये. उलट क्लब नसल्यामुळे मताला कसलाच अडथळा राहत नाही. ज्या गावात संघ असतो तिथे अधूनमधून सामना बघावा लागतो, उन्हात बसावं लागतं, कोण कसा खेळला हे थोडंफार माहीत असावं लागतं. आमचं तसं नाही. स्टेशन रोडच्या टपरीवर अर्ध्या चहात मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक बदलून होतो आणि उरलेल्या अर्ध्यात नवा नेमून त्यालाही काढून टाकता येतं.

असा एक युनायटेडवाला आमच्या गल्लीतच आहे. घरचं दुकान बुक्का-कुंकू-तुळशीमाळांचं. हा गल्ल्यावर लाल जर्सी घालून बसतो आणि बुक्का जोखतो, त्यामुळे आषाढी येईपर्यंत जर्सी कुठल्या संघाची हे विचारावं लागतं. २०२४-२५ च्या हंगामात युनायटेड वीस संघांच्या प्रीमियर लीगमध्ये पंधरावा आला, तेव्हा हा मान हलवत म्हणाला, "आपला बचाव कच्चा पडला." आपला! हा मुलगा सांगोल्याच्या पलीकडे गेलेला नाही. त्याच हंगामात २१ मे २०२५ ला युरोपा लीगची फायनल बिलबाओला झाली. पंधरावा युनायटेड, समोर सतरावा टॉटनहॅम. टॉटनहॅम एक-शून्यने जिंकला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजत आले होते. वडील काकड्याला उठले तर पोरगं उंबऱ्यावर डोकं धरून बसलेलं. त्यांनी घाबरून विचारलं, "कोण गेलं रे?"

"आपण गेलो."

सगळा प्रकार समजावून घेतल्यावर वडिलांना एकच शंका राहिली: पंधराव्या आणि सतराव्या नंबरच्या पोरांची फायनल लावणारी ही शाळा कुठली, आणि आपल्या वेळी ती का नव्हती?

पण हे झालं हौसेचं. मोबाइलवर जडलेलं, मोबाइलवरच सुटेल. खानदानी पाठीराखा बघायचा तर कोल्हापूरला जायला हवं. तिथे क्लब निवडण्याची भानगड नाही. ज्या पेठेत पाळणा हलला त्या पेठेची तालीम आपली, आणि पलीकडची जन्माची वैरी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, जुना बुधवार, उत्तरेश्वरची वाघाची तालीम. नावं वाचून वाटावं की कुस्तीचं मैदान भरलंय. बऱ्याच तालमी मुळात कुस्तीच्याच. पुढे तीच तालीम चेंडूमागे धावू लागली. लंगोट जाऊन बूट आले, पण समोरच्याला चीत केल्याशिवाय घरी जायचं नाही हा विचार काही कुणी बदलून दिला नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, सोळा संघांची वरिष्ठ लीग भरवतं. राजर्षी शाहू स्टेडियमवर चालू दिवशी भर दुपारी सामना असतो आणि गॅलरी भरलेली असते. ही माणसं कामाला कधी जातात, हा प्रश्न पंढरपूरकरानं विचारू नये. आपल्याकडे वर्षाला चार वाऱ्या आहेत. लीगच्या जोडीला चषक: महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक. इतरत्र माणूस गेल्यावर त्याच्या नावे चषक ठेवायची रीत आहे. कोल्हापुरानं अटलजींचा अपवाद सोडून पुढाऱ्यांना इतकं ताटकळत ठेवलं नाही. एका खेपेला एका पक्षाचा चषक उचलणारी तालीम दुसऱ्या खेपेला दुसऱ्या पक्षाचा उचलते, आणि त्याला पक्षांतर कुणी म्हणत नाही. राज्यात इतकी निर्मळ निष्ठा दुसरीकडे शोधूनही मिळणार नाही.

आमचे मेहुणे अशाच एका पेठेतले. तालमीचं नाव छापत नाही. छापलं तर कोल्हापूरकडचा निम्मा वाचक गेला आणि न छापल्याबद्दल मेहुणे गेले. दर आषाढीला ते येतात. तोवर कोल्हापुरात पाऊस लागलेला असतो, मैदानाचा चिखल झालेला असतो, हंगाम संपलेला असतो. म्हणजे मत पिकून तयार. पंढरपूरला मुखदर्शन लवकर होतं, पण मेहुण्यांना पदस्पर्शच लागतो, आणि त्यासाठी गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडमधून रात्रभर सरकत यावं लागतं. एवढा वेळ, एवढे श्रोते आणि पळून जायला जागा नाही. हंगामाचा आढावा घ्यायला याहून चांगलं सभागृह महाराष्ट्रात नाही.

"हंगाम कसा गेला?" मी विचारलं.

"बेस्ट, दाजी. पलीकडची पेठ सेमीतच घरला गेली."

"आणि तुमचं?"

"आमचं सोडा. आमच्यावर अन्याय झाला."

पुढचे दोन तास अन्याय. पेनल्टी दिली नाही, दिली ती चुकीच्या बाजूला दिली, लाइनमनचा आजोळचा वाडा कुठल्या पेठेत आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि समोरच्यांनी आणलेला नायजेरियन जादा दमाचा निघाला. आपलाही नायजेरियनच होता ना? होता, पण तो पेठेतला झालेला. तांबडा-पांढरा ओरपतो, गणपतीत ढोल धरतो. त्यांचा मात्र परदेशी. परदेशी किती घ्यावेत यावर तिकडे नियम आहेत, आणि परदेशी म्हणजे कोण यावर पेठेपेठेचा आपापला कायदा. बाहेरचे आणल्यावर स्थानिक पोरांनी कुठं खेळायचं, असं मी बोलून बघितलं. मेहुण्यांनी लगेच अनिकेत जाधवचं नाव टाकलं. रिक्षावाल्याचा पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढं आयएसएल गाठली. खरी गोष्ट आहे, आणि अभिमानाचीच आहे. फक्त तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला एवढं वाक्य मेहुण्यांच्या इतिहासात नाही. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम करार अडकल्यामुळे लांबला, त्याबद्दल त्यांना फार कीव वाटते. "करार संपला म्हणून लीग थांबती व्हय? आमच्यात पेठ करारावर न्हाई."

तेवढ्यात बारीच्या लोखंडी कठड्यापलीकडून आवाज आला, "अन्याय कसला हो? सात गोल चुकवल्यासा, त्याचं बोला की."

बारी वळणं घेत जाते, त्यामुळे तासा-तासाने तोच माणूस पुन्हा शेजारी येतो. हा गृहस्थ नेमका पलीकडच्या पेठेचा निघाला. कपाळाला गंध, गळ्यात माळ, हातात केळं. पंढरीच्या बारीत सगळे माउली, असं मी मनात म्हणतोय तोवर दोन्ही माउलींनी बाह्या सरसावल्या. गंमत म्हणजे दोघांना एकमेकांचं सगळं पाठ. आपल्या संघाचा मधला खेळाडू कोण, यावर मेहुणे अडखळले. समोरच्यांचा राखीव गोलकीपर कुठल्या गुडघ्याने लंगडतो, ते मात्र तारखेसकट सांगितलं. सख्खा भाऊ माणसाला इतका बारकाईने ओळखत नाही.

मागे परभणीकडचे एक आजोबा बराच वेळ ऐकत होते. त्यांनी मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "माउली, तुमची दिंडी कितवी? रथापुढची का मागची?"

मेहुणे म्हणाले, दिंडी नव्हे, तालीम. आजोबांनी ते सोडून दिलं. भांडण ओळखीचं असलं की नावाला फार महत्त्व देऊ नये, हे त्यांना वयाने कळलेलं. "आमच्यातबी होतंय," ते म्हणाले. "कुणाचा नंबर हुकला, कुणाला पाणी मिळालं न्हाई. मग तळावर समाज आरतीला उभं ऱ्हायलं की ज्याची तक्रार आसंल त्या दिंडीनं टाळ वाजवत ऱ्हायाचं. बाकी समदे गप. चोपदार येतो, ऐकतो, दंड वर करतो. की झालं. मिटलं."

"आणि दंड वर करून बी कुणी गप बसलं न्हाई तर?"

आजोबांना प्रश्नच कळला नाही. "बसतेत की."

मेहुण्यांनी पलीकडच्या पेठेकडे पाहिलं, पलीकडच्या पेठेनं मेहुण्यांकडे पाहिलं. त्या रात्रीतलं त्यांचं पहिलं एकमत झालं: हा चोपदार शाहू स्टेडियमवर हाफटाइमपर्यंत टिकायचा नाही.

हसायला ठीक आहे. पण गॅलरीतून बाटली येते, मग दगड येतो, मग सामना थांबतो, पोलीस संघांच्या बैठका घेतात आणि हमीपत्रं लिहून घेतली जातात, हेही त्याच हंगामात चालतं. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे पाठीराखे भिडले आणि चेंगराचेंगरीत १६ जण घरी परत गेले नाहीत. तिथे संघ मासळीवरून ओळखतात: एकाची हिलसा, दुसऱ्याची कोळंबी. कोल्हापूरला तेवढंही निमित्त नाही. दोन्ही पेठा एकाच चवीचा रस्सा पितात आणि तरी भांडतात. याच कोलकात्यात १३ डिसेंबर २०२५ ला मेस्सी आला. लोकांनी हजारोंची तिकिटं काढली, आणि मैदानात त्याच्याभोवती पुढारी आणि बड्यांचा असा गराडा पडला की गॅलरीला तो दिसलाच नाही. मग खुर्च्या उडाल्या. सगळ्या देशाला धक्का बसला. पंढरपूरकराला काहीच विशेष वाटलं नाही. समोर देव उभा आहे आणि मध्ये पुढाऱ्याची पाठ, हा देखावा आम्ही तिकीट न काढता बघतो. आमच्याकडे खुर्च्या उडत नाहीत, कारण बारीत खुर्च्याच नसतात. शिवाय आषाढीत आमच्या देवाचा पलंगही काढून ठेवतात. चोवीस तास उभं राहायचं, त्यालाही हाफटाइम नाही. पुढाऱ्यांचं म्हणाल तर एकदा, २०२३ साली, उपमुख्यमंत्री दोन झाल्यामुळे कार्तिकीची पूजा नक्की कुणी करायची असा पेच पडला. दोन कर्णधार आणि नाणं एकच.

मेहुण्यांना मी बारीत उपदेश करणार होतो, की अहो, खेळ खेळासारखा घ्यावा. पण तोंड उघडायच्या आत आमचा स्वतःचा हंगाम आठवला. गव्हाणीत मोळी पडते तेव्हा सुरू होतो तो.

वेणूनगरचा विठ्ठल कारखाना आणि श्रीपूरचा पांडुरंग कारखाना. जगात सगळीकडे विठ्ठल आणि पांडुरंग हा एकच देव आहे, फक्त पंढरपूर तालुक्यात ते प्रतिस्पर्धी आहेत. ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही पारावर बसा. विठ्ठलानं पहिली उचल किती दिली, पांडुरंगानं किती जाहीर केली, कुणाचा उतारा चढला, कुणाची बिलं तटली. रेफ्रीच्या जागी काटा. आपला ऊस कमी भरला की काट्यानं मारला. साखर आयुक्त हे लांब पुण्यात बसलेलं अपिलाचं मंडळ. खेळाडूंची खरेदी-विक्री बारमाही: काल या गटाच्या पॅनेलमध्ये बिल्ला लावून फिरणारा आज त्या गटाच्या फ्लेक्सवर हात जोडून, आणि पाठीराखे छातीठोक सांगणार की तो मनाने पहिल्यापासून आपलाच होता. विठ्ठल बंद पडला तेव्हा त्याचे सभासद सुतक असल्यासारखे हिंडत होते. २०२२ च्या निवडणुकीत अभिजित पाटील यांच्या पॅनेलने तो जिंकला आणि २०२४ ला ते माढ्यातून आमदार झाले. म्हणजे वरच्या लीगमध्ये बढती मिळायची सोय आमच्याकडेही आहे. आणि आमची २०२१ ची विधानसभा पोटनिवडणूक? समाधान आवताडे ३७३३ मतांनी आले, भगीरथ भालके राहिले. आजही ती ३७३३ मतं गावोगाव पुन्हा मोजली जातात. एका गटाच्या मते गोल स्वच्छ होता, दुसऱ्याच्या मते ऑफसाइड.

यात ऊस पिकवणारा कुठे असतो? गॅलरीत. उन्हात. बिलाची वाट बघत घोषणा देत असतो.

तेव्हा पंढरपुरात फुटबॉल नाही ही काही उणीव नव्हे. तरी युनायटेडवाल्याच्या डोक्यात सध्या क्लब काढायचं खूळ आहे, आणि त्याला गल्लीतून पाठिंबाही मिळतोय. अडचण नावापासून आहे. 'विठ्ठल' म्हटलं की निम्मं गाव म्हणणार, हा त्या गटाचा. 'पांडुरंग' म्हटलं की उरलेलं निम्मं. 'चंद्रभागा' एका कारखान्यानं आधीच वापरून सोडलंय. राहता राहिला पुंडलिक. त्याने देवाकडे वीट बरोबर फेकली होती, म्हणजे थ्रो-इनची सोय झाली. गोलात खुद्द देवाला उभं करावं तर अठ्ठावीस युगं जागेवरून न हलण्याचा अनुभव दांडगा, पण हात कमरेवरून निघत नाहीत. मैदान वाळवंटात करावं म्हटलं तर वाळू उपशाचे खड्डे, आणि उजनीतून पाणी सोडलं की कॉर्नर कुठून मारायचा हे पाटबंधारे खातं ठरवणार.

एवढं सगळं निभावलं तरी रेफ्री लागेलच. गावातला चालणार नाही, तालुक्यातला तर नाहीच नाही. बाहेरचा, तटस्थ, खेळ जाणणारा हवा, म्हणून मी मेहुण्यांना फोन केला की कोल्हापूरचा एखादा चांगला रेफ्री बघून द्या. ते आनंदाने तयार झाले.

"पण दाजी," म्हणाले, "कुठल्या पेठंचा न्हाई पायजे, तेवढं आधी सांगतो. लिहून घ्या."